देवळालीला बदली: गेटच्या आत एक गाव, बाहेर दुसरं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यातल्या. मिस्टर तोफखान्यात हवालदार, गेली तीन वर्षं फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी. तेवढा काळ ताई दोन मुलांना घेऊन सासरी होत्या. आता देवळालीचं पोस्टिंग आलंय आणि मे अखेरीस चौघं एकत्र राहायला जाणार आहेत. मुलगी मराठी माध्यमात, जूनमध्ये नववीत जाईल. मुलगा सप्टेंबरमध्ये सहा पूर्ण करेल. क्वार्टर लगेच मिळेल की नाही ठाऊक नाही. हिंदी कळतं, बोलताना अडखळायला होतं. ताईंचं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलंय. नाशकात ओळखीचं कुणी नाही, तर ‘तिथे माझा जीव कसा रमणार?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, प्रश्न ओळखींचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी दोन निर्णय आहेत: घर कुठे घ्यायचं आणि मुलीला कोणत्या शाळेत घालायचं. ओळखी या दोहोंच्या मागून चालत येतात. शाळेच्या फाटकाशी, पाण्याच्या टाकीपाशी, एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, बाकावर. घर भलत्याच टोकाला पडलं तर दिवसाचे दोन-अडीच तास ने-आण करण्यात जातात आणि मग कुणाच्या दारात पाच मिनिटं उभं राहायलाही सवड उरत नाही. तेव्हा आधी घर आणि शाळा, माणसं त्यानंतर.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण प्रश्नात डोकावते. ‘महाराष्ट्रातच तर आहे, घरी आल्यासारखं वाटेल’ असं सगळे म्हणत असतील. तसं होत नाही. साताऱ्याहून पुण्यावरून नाशिकला यायला एसटीने आठ-नऊ तास सहज जातात. नाशिक तुम्हाला पठाणकोटइतकंच नवं आहे, फक्त दुकानाच्या पाट्या वाचता येतात. शिवाय छावणीच्या आतलं गाव हिंदीत चालतं आणि बाहेरचं मराठीत. तुम्हाला एकाच वेळी दोन ठिकाणी रुळायचं आहे. त्यातलं बाहेरचं तुमच्या हातचं आहे, आणि आतलं जिंकायला तेच उपयोगी पडणार आहे. कसं, ते पुढे सांगतो.

आधी नेमकी जागा विचारून घ्या. नाशिक परिसरात लष्कराची ठाणी एकाजवळ एक नाहीत. स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीत, आर्टिलरी सेंटर नाशिकरोड कॅम्पात, आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल गांधीनगरच्या धावपट्टीपाशी, हवाई दलाचं एक ठाणं दक्षिण देवळालीत आणि दुसरं थेट ओझरला. ओझर आणि देवळाली यांच्यामध्ये अख्खं नाशिक शहर पडतं. तेव्हा मिस्टरांकडून युनिट कोणत्या लाइनीत (छावणीतल्या वस्तीत) आहे आणि मुलांची बस कोणत्या गेटवरून सुटते, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा.

आणखी एक घोळ हमखास होतो. ‘देवळाली’ नावाची दोन ठिकाणं आहेत. देवळाली गाव हे नाशिकरोड स्टेशनजवळ, महापालिकेच्या हद्दीत. देवळाली कॅम्प म्हणजे कॅन्टोन्मेंट, तिथून काही किलोमीटर पुढे, लॅम रोडने. भाड्याच्या घरांच्या जाहिरातीत नुसतं ‘देवळाली’ लिहिलेलं असतं. एजंटाने फोटो पाठवला की पहिला प्रश्न ‘गाव की कॅम्प?’ हाच विचारा. रेल्वेचंही तसंच: देवळाली नावाचं वेगळं स्टेशन आहे, पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या नाशिकरोडलाच थांबतात. तिकीट काढताना आणि सामान उतरवताना हे ध्यानात असू द्या.

आता घर. क्वार्टर किती दिवसांत मिळेल हे पदानुसारची यादी आणि त्या वेळी रिकामी होणारी घरं यांवर अवलंबून असतं. कुणी छातीठोक तारीख सांगितली तर तो अंदाजच समजा. आपल्या हातात एवढंच असतं की नाव यादीत वेळेवर आणि कागदांत त्रुटी न ठेवता लागलं पाहिजे. अडकतं ते बहुधा पार्ट टू ऑर्डरपाशी, म्हणजे जवानाच्या सेवानोंदीत घरच्यांची माहिती चढवणाऱ्या आदेशापाशी. लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरने झालेली आहे का, नावांची स्पेलिंगं आधार कार्डाशी जुळतात का, हे निघण्यापूर्वीच युनिटच्या क्लार्ककडून तपासून घ्यायला सांगा. धाकट्याचा जन्म मिस्टर फील्डला असताना झालेला नसला तरी तपासा. कुटुंबाची कार्डं, एमएच म्हणजे लष्करी रुग्णालय, शाळेतला प्राधान्यक्रम, सगळं या एका नोंदीवर टांगलेलं असतं.

क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याचं घर लागलंच, तर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने सक्तीचं आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते, आणि करार नोंदवलेला नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालक ‘कशाला खर्च’ म्हणाला तर हे नम्रपणे सांगता येतं. खर्चही फार नाही. समजा भाडं महिना १०,००० आणि अनामत ३०,०००, मुदत ११ महिने. भाड्याचे १,१०,००० आणि अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे जेमतेम तीनशे रुपये. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. एजंट घरी येऊन अंगठे घेतो, त्याची फी वेगळी.

करारात एक कलम मात्र स्वतःहून घालून घ्या. छापील मसुद्यात ते नसतं आणि लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक महिन्यांआधी घर सोडता न येण्याचं, कलम नेमकं असतं. मजकूर साधा: ‘परवानाधारकाची बदली झाल्यास, अथवा त्यास सरकारी निवासस्थान मिळाल्यास, आदेशाची प्रत देऊन एक महिन्याच्या पूर्वसूचनेने करार संपुष्टात येईल व लॉक-इन लागू राहणार नाही.’ बदलीचं बहुतेकांना सुचतं, सरकारी घर मिळाल्याचं सुचत नाही. मग तिसऱ्या महिन्यात क्वार्टर निघतं, ते ठरलेल्या दिवसांत ताब्यात घ्यावं लागतं, नाकारलं तर यादीत मागे जायला होतं, आणि इकडे मालक सहा महिन्यांचं भाडं मागत असतो. क्वार्टर उपलब्ध नसल्याचा दाखला, ज्याला सगळे एनएसी म्हणतात, तोही युनिटमार्फत लगेच घ्या. घरभाडे भत्त्याचं गणित त्यावर चालतं.

भाड्याने घ्यायचं तर कुठे? मुलीची शाळा नाशिकरोडला ठरत असेल तर नाशिकरोड, देवळाली गाव, लॅम रोड हा पट्टा. मिस्टर सकाळी पीटीला गेटमध्ये असणार, त्यांना दुचाकीने कॅम्पात जाता येतं. मुलांना रोज दोनदा लांब पाठवण्यापेक्षा ते सोपं. साताऱ्याची एमएच-११ गाडी राज्यातल्या राज्यात तशीच चालते, नंबर बदलायची गरज नाही, फक्त छावणीत जायला पास लागेल. कॉलेज रोड, गंगापूर रोड भागातली घरं छान दिसतात, पण शहराच्या पार दुसऱ्या बाजूला आहेत. तो मोह टाळा.

घर बघायला जाल तेव्हा पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे मालकाला न विचारता शेजारणीला विचारा. उत्तर खरं मिळतं आणि पहिली ओळखही होते.

क्वार्टर मिळालं की मार्चिंग-इनच्या, म्हणजे घराचा ताबा घेण्याच्या, दिवशी एमईएसचा (लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्याचा) माणूस यादी घेऊन येतो: पंखे किती, दिवे, नळ, गीझर, काचा, कड्या-कोयंडे, कपाटं. तिथे ‘बघू नंतर’ म्हणून सही करू नका. फुटलेली काच, गळका नळ, ओल धरलेली भिंत यादीतच लिहून घ्या आणि घरातल्या घरात तारखेसह फोटो काढून ठेवा. दोन-तीन वर्षांनी सोडताना जी मोडतोड यादीत नसेल तिचे पैसे तुमच्या नावावर पडतात. हे काम मिस्टरांवर सोडू नका. त्यांना परतायची घाई असते, आणि स्वयंपाकघरातला ओटा कुठे तडकलाय ते तुम्हालाच दिसणार.

मे अखेरीस पोचाल म्हणजे पाठोपाठ पाऊस. ट्रंका आणि लाकडी पेट्या थेट फरशीवर ठेवू नका, चार कोपऱ्यांखाली विटा द्या आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि त्या उघडा! भाड्याच्या घरात ‘क्वार्टर मिळालं की लावू’ म्हणून अर्धा संसार पेटीतच ठेवणारी कुटुंबं पुष्कळ असतात. शाळेचं, क्लासचं, ओळखीपाळखीचं सगळंच मग क्वार्टर मिळाल्यावर करायचं म्हणून पुढे ढकललं जातं. या आजाराला देवळालीचंच नाव आहे, बरं का. ब्रिटिश काळात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई इथल्या छावणीत महिनोन्‌महिने बसून असत, काम नाही आणि निघायची तारीख नाही. त्यात डोकी फिरायची, आणि इंग्रजीत वेड लागलेल्याला ‘डूलॅली’ म्हणू लागले. तो शब्द म्हणजे आपली देवळाली.

शाळेवर जरा थांबून बोलू, कारण सगळ्यात महाग चुका इथे होतात.

मुलीला केंद्रीय विद्यालयात घाला असं तुम्हाला दहा जण सांगतील. ती पहिलीत असती तर आम्हीही तेच सांगितलं असतं. नववीत नाही. केंद्रीय विद्यालयाचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला. म्हणजे ती आधीच दोन महिने मागे. नववीला नव्याने प्रवेश घ्यायचा तर लेखी प्रवेश परीक्षा असते: हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र. आणि आठ वर्षं मराठीतून ‘अपूर्णांक’, ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकलेली मुलगी एकदम इंग्रजी पुस्तकं हातात घेणार. ती हुशार असेल तरी पहिलं वर्ष शब्द शिकण्यात जातं, आणि पुढचं वर्ष दहावीचं. नववीत मुलीला आपण अचानक ढ झालो असं वाटलं तर ती मैत्रिणीही करत नाही. घरात सगळ्यात उशिरा रुळणारं माणूस बहुतेक वेळा हेच असतं, आणि त्याचं मूळ स्वभावात नसून वर्गात असतं.

म्हणून तिला राज्य मंडळाच्याच, मराठी किंवा आत्ता सेमी असेल तर सेमी माध्यमाच्या शाळेत ठेवा. नाशिकरोड परिसरात अशा अनुदानित शाळा आहेत. राज्यातल्या राज्यात बदल असल्याने शाळा सोडल्याचा दाखला घ्या, आणि नव्या शाळेने केलेली ऑनलाइन विद्यार्थी हस्तांतरणाची विनंती जुन्या शाळेने मान्य केली ना, याचा पाठपुरावा करा. जुन्या शाळेचे क्लार्क मे महिन्यात भेटत नाहीत, त्यामुळे निकाल लागला की त्याच आठवड्यात दाखल्याचा अर्ज द्या. गणवेश आणि पुस्तकं मात्र नवी शाळा पक्की होईपर्यंत घेऊ नका.

हिशेब असा पडतो. शांततेच्या ठिकाणची नेमणूक साधारण दोन-तीन वर्षांची धरली तर नववी-दहावी इथे पूर्ण होते. दहावी आणि अकरावीच्या मधे बदली आली तर ती सगळ्यात सोयीची, कारण अकरावी नव्याने कुठेही सुरू करता येते. राज्यातच राहिलात तर २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होतात. बदली नेमकी दहावीच्या मधे आली तर मुलांच्या शिक्षणाच्या कारणावर क्वार्टर काही काळ ठेवून घेण्यासाठी अर्ज करता येतो. शाळेचं बोनाफाईड जोडून तो आदेश हातात पडताक्षणी द्यायचा, शेवटच्या महिन्यात नव्हे. आणि साताऱ्याचा अधिवास सांभाळून ठेवा. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशात सैनिकांच्या पाल्यांना पाच टक्के जागा असतात, त्यात महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या सेवारत सैनिकांच्या मुलांचा स्वतंत्र गट आहे. त्यासाठी लागणारे कागद ऐन वेळी गावी जाऊन गोळा करणं जिवावर येतं.

मुलाचं गणित नेमकं उलटं आहे. राज्यातल्या शाळांत पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण चालतात, म्हणून सप्टेंबरचा तुमचा मुलगा या जूनमध्ये पहिलीत बसेल. केंद्रीय विद्यालयाला ३१ मार्चपर्यंत सहा पूर्ण लागतात, तिथे तो पुढच्या एप्रिललाच पात्र. ‘वर्ष वाया कशाला घालवायचं’ म्हणून लोक आत्ता स्थानिक शाळेत पहिलीत घालतात. पुढच्या वर्षी केंद्रीय विद्यालयात दुसरीला न्यायचं म्हटलं तर सात पूर्ण नसतात, मग पुन्हा पहिली. ज्याच्या बापाची बदली देशभर होणार त्याने ३१ मार्चचीच तारीख आपली मानावी. यंदा मोठा शिशू किंवा बालवाटिका, पुढच्या एप्रिलला केंद्रीय विद्यालयाची पहिली. अर्ज सत्र सुरू होण्याआधीच निघतात, तेव्हा फेब्रुवारीपासून लक्ष ठेवा. तिथे सैनिकांची मुलं पहिल्या प्राधान्यगटात येतात, आणि गटातला क्रम गेल्या सात वर्षांत झालेल्या बदल्यांच्या संख्येवर लागतो. म्हणून बदल्यांचा दाखला युनिटकडून आधी घ्या. एकदा केंद्रीय विद्यालयात गेला की पुढच्या गावी बदलीवर तिथल्या केंद्रीय विद्यालयात जाणं पुष्कळ सोपं जातं.

दोन मुलं दोन वेगळ्या शाळांत, वेगळ्या मंडळांत. ऐकायला अवघड वाटतं, पण दोघांनाही सोयीचं तेच आहे.

इथवरचा क्रम एकदा पाहून घ्या: निघण्याआधी पार्ट टू ऑर्डर, दाखला आणि युनिटची नेमकी जागा. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात क्वार्टरच्या यादीत नाव, एनएसी आणि मुलीचा प्रवेश. भाडेकरार झालाच तर बदलीच्या कलमासह. या कागदपत्रांतून मोकळं झालं की माणसांकडे वळू.

गेटच्या आत दोन प्रकारचे शेजारी असतात. देवळाली हे शिक्षणाचं ठाणं आहे. काही जण कोर्सला येतात आणि कोर्स संपला की जातात, काही जण तुमच्यासारखे नेमणुकीवर पूर्ण मुदत असतात. दोघांशी गोडीने राहा, पण रोजच्या आधाराची माणसं दुसऱ्या प्रकारातली शोधा. पहिली घट्ट मैत्रीण पाच महिन्यांत निघून गेली की पुन्हा कुणात मिसळायचं मनच होत नाही. ‘आप लोग कब आए?’ एवढा साधा प्रश्न विचारला की कोण किती दिवसांचं आहे ते कळतं.

वेल्फेअर मीटला, म्हणजे युनिटमधल्या बायकांच्या बैठकीला, पहिल्या महिन्यापासून जा. काहींना तिथे अवघडल्यासारखं होतं. साहेबांच्या मॅडम पुढे बसलेल्या, बोलणं हिंदीत, आपण मागच्या रांगेत. साहजिक आहे. तिथे भाषण द्यायचं नसतं. नाव नोंदवलं जातं, चेहरा ओळखीचा होतो, शिवणाचा किंवा कॉम्प्युटरचा वर्ग निघाला की तुमच्यापर्यंत निरोप येतो. न गेलेल्यांच्या अडचणी कुणाला ठाऊकच होत नाहीत, ही खरी गोम.

हिंदीची काळजी जितकी करताय तितकी करू नका. पंजाबची, तमिळनाडूची, ओडिशाची भाभी तुमच्यासारखंच अडखळत हिंदी बोलते. चुका कुणी मोजत नाही. आणि आता मघाशी म्हटलं ते. लाइनीतल्या बहुतेक बायकांना जे येत नाही ते तुम्हाला येतं: मराठी. भाजीवाल्याशी भाव, एसटीच्या कंडक्टरला विचारपूस, महावितरणचं बिल, शाळेतून आलेली मराठी सूचना, दवाखान्याबाहेरचा औषधवाला, बाळाच्या जन्मदाखल्यासाठीचा अर्ज. छावणीबाहेर पाऊल टाकताना त्या बिचकतात. तुम्ही एखादीला बुधवारी गोदाघाटावरच्या आठवडे बाजाराला घेऊन गेलात, मेथीची जुडी किती रुपयांना घ्यायची ते सांगितलंत, की महिनाभरात ‘साताऱ्यावाली भाभी’ हे नाव अख्ख्या लाइनीत होतं. नव्या जागी कुणाचं तरी आपल्यावाचून अडलं की परकेपण लवकर सुटतं.

मर्यादाही सांगून ठेवतो. बाजार, बिल, शाळेची सूचना इथवर ठीक. कुणाच्या घरातलं भांडण पोलिसांत नेताना, पैशाच्या उसनवारीत किंवा जमिनीच्या व्यवहारात दुभाषी होऊ नका. तिथे युनिटच्या सुभेदार साहेबांकडे किंवा मॅडमकडे जायला सांगा. चांगुलपणाच्या भरात मधे पडलेली बाईच शेवटी दोन्हीकडून वाईट होते.

एमआय रूम आणि एमएचचं पहिल्या पंधरवड्यातच बघून ठेवा, कुणी आजारी नसताना. कार्डं कुठे दाखवायची, ओपीडी कोणत्या वारी, रात्री कुठल्या दाराने जायचं. मुलाचं लसीकरणाचं कार्ड, कुणाची नेहमीची औषधं असतील तर महिनाभराचा साठा आणि जुने कागद हातातल्या पिशवीत आणा, ट्रकमध्ये नाही. बाहेरच्या हॉस्पिटलात रेफरलशिवाय गेलं तर खर्चाचा प्रश्न उभा राहतो, म्हणून आधी एमआय रूम ही सवय ठेवा. जीवावरचं असेल तर जवळचं हॉस्पिटल गाठायचं आणि मिस्टरांनी युनिटला ताबडतोब कळवायचं.

तोफांचा आवाज. पहिल्यांदा रेंजवर फायरिंग सुरू होईल तेव्हा काचा थरथरतील आणि धाकटा बिथरेल. त्याला आधीच सांगून ठेवा, ‘बाबांचे लोक सराव करतात’. एकदा बाबांनीच समजावलं तर भीतीच्या जागी कौतुक येतं. पण हे सगळं व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकू नका. युनिटचं नाव, फायरिंगचे दिवस, मिस्टर कधी बाहेर जाणार, गेटचे फोटो, यातलं काहीही गावच्या ग्रुपवरसुद्धा नको. बाहेर नव्याने ओळख झालेल्या माणसाला ‘मिस्टर आर्मीत आहेत’ एवढं पुरे. त्याहून खोदून विचारणाऱ्यापासून जपून राहा आणि घरी सांगा.

बाहेरच्या नाशकात एखादी तरी जागा फक्त तुमची असू द्या, लष्कराशी संबंध नसलेली. वाचनाची आवड असेल तर सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. बी.ए. पुरं करायचं मनात असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मुळात नाशिकचंच. फक्त एक हिशेब घाला: या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं महाराष्ट्रात आहेत. इथल्या मुदतीत उरलेली वर्षं पूर्ण होणार असतील तर बेशक घ्या, मराठीतून शिकता येतं. मधेच बदली होण्याची शक्यता दाट असेल तर इग्नू बरं, त्यांची केंद्रं देशभर असतात. आधी केलेल्या वर्षाचे गुण धरले जातात का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

आणखी एक गंमत लक्षात ठेवा. छावणीत रंग खेळतात धुळवडीला, नाशिकच्या जुन्या भागात खेळतात रंगपंचमीला, पेशवेकाळापासूनच्या दगडी रहाडींमध्ये (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदांमध्ये) उड्या मारून. मुलांचे दोन्ही रंग होतील, कपड्यांचे दोन जोड बाजूला ठेवा.

आता घरातलं. तीन वर्षं बँक, दवाखाना, शाळेची सभा, सासू-सासरे सगळं तुम्ही बघितलंत. मिस्टर रोज घरी येणार ही आनंदाची गोष्ट, पण पहिले दोन महिने घरात दोन हुकूम चालतात. मुलगी परवानगी तुमच्याकडे मागते, ते दुखावतात. ते एकदम शिस्त लावायला जातात, ती गप्प होते. सगळा कारभार एका दिवसात त्यांच्या हाती देऊ नका आणि सगळा धरूनही बसू नका. एक काम पूर्णपणे त्यांचं करा, उदाहरणार्थ धाकट्याला शाळेत सोडणं. उशीर झाला, डबा विसरला, तरी मधे पडायचं नाही. मुलीचे नियम मात्र पहिलं सत्र संपेपर्यंत तुमच्याच तोंडून जाऊ द्या. आणि पीस पोस्टिंग म्हणजे संध्याकाळी पाचला घरी असा समज करून घेऊ नका. फायरिंग कॅम्प, गार्ड, कोर्स असतातच. हे आधी बोलून ठेवलं तर रोजचा रुसवा वाचतो.

एकटं वाटणं पहिले सहा-आठ आठवडे असतंच. पण झोप उडाली, जेवण जात नाही, घराबाहेर पडावंसंच वाटत नाही, आणि असं सलग दोन आठवडे चाललं तर ती नव्या जागेची हुरहुर समजू नका. एमएचमध्ये दाखवा, किंवा १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मिस्टरांच्या नोकरीवर डाग पडेल या भीतीने पुष्कळ जणी गप्प राहतात. बायको डॉक्टरला भेटली म्हणून कुणाचं प्रमोशन अडत नाही.

राहता राहिले पाहुणे. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, वणीची देवी आणि शिर्डी हे सगळं एका मुक्कामात होत असल्यामुळे तुमचं घर साताऱ्याहून येणाऱ्यांचं ठरलेलं ठिकाण होणार. त्यात २०२७ साली सिंहस्थ कुंभमेळा आहे. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि छावणीत पाहुण्यांना पास काढल्याशिवाय आत घेता येत नाही. मुलगी तोवर दहावीत असेल. तेव्हा पहिल्या वर्षी सासू-सासऱ्यांना दिवाळीनंतर निवांत बोलवा, आणि बाकीच्यांना आत्तापासूनच सांगायला लागा की पर्वणीच्या दिवसांत आमच्याकडे नको, थंडीत या, द्राक्षांचा हंगाम असतो.